भर दुपारी कुंड्यांना पाणी

फ्लॉरेन्स, इटली
२० एप्रिल २०२५, ईस्टरचा रविवार

प्रिय निलम्मा,

शरणु शरणार्थी. फोनवर मी व्याख्यान देऊ लागले की तू मध्येच फोन ठेवतेस, म्हणून हा मार्ग काढला आहे. कागदावर लिहायचे, त्याचा फोटो काढायचा आणि तुला पाठवायचा. कागद मध्येच ठेवता येतो, तसा पुन्हा उचलताही येतो.

प्रस्तावना मांडल्यावाचून मला धडा सुरू करता येत नाही, हे तू बालपणापासून सोसत आली आहेस. तेव्हा आधी अट मांडते. निघताना खटकचिंचोळीच्या तुझ्या दारात तू म्हणालीस, "अक्का, बघितलेलं समदं सांग. तिचं काई सांगू नको." 'ती' म्हणजे तुझी एकुलती लेक अंजू. एक वर्ष शाळेत इंग्रजी शिकवायला म्हणून स्पेनला गेली आणि तिसरे वर्ष सरत आले तरी परतली नाही. तिने एकदा फोनवर स्वतःला तिथल्या कुण्या म्हातारीच्या अंगणात झाडांना पाणी घालताना दाखवले, आणि तू म्हणालीस, "हितं माझी झाडं वाळायलीत अन् ही दुसरीच्या कुंड्या भिजवायलीय. घावली तिला नवी आई." त्यानंतर तू तिचा फोन घेतलेला नाहीस. असो. अट मान्य आहे. तिचे नाव या पत्रांत एवढ्यापुरतेच.

आता आजचे. आळंदहून आमच्या सहलीत तुरीचे व्यापारी अंकुशराव आणि त्यांच्या पत्नी आहेत, हे तुला ठाऊक आहे. त्या दोघांना बरोबर घेऊन मी सकाळपासून इथल्या मुख्य चर्चसमोरच्या चौकात उभी होते. या चर्चचा घुमट विटांचा. तो बांधताना खालून लाकडी आधार उभारलेला नव्हता. विटा तिरक्या रचत प्रत्येक थराने आधीच्या थराला धरून ठेवायचे, अशी युक्ती कारागिरांनी योजली होती. मी हे समजावत असतानाच लोकांमध्ये खळबळ उडाली आणि बैल आले.

निलम्मा, शुभ्र बैल. तुझ्या दाराच्या चौकटीतून शिंगे आत आली नसती, एवढे. गळ्यात, कपाळावर फुलांच्या माळा, आणि मागे दोन मजली घराएवढा उंच, रंगीत लाकडी गाडा. ईस्टर म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला तो दिवस. त्या दिवशी हा गाडा चर्चपुढे आणून उभा करतात. आत वेदीपासून गाड्यापर्यंत एक तार ताणलेली असते. पूजेच्या ठरल्या क्षणी पारव्याच्या आकाराचा एक बाण पेटवतात. तो तारेवरून सुसाट बाहेर येतो, गाड्याला भिडतो, आणि गाड्यावर रचलेली सारी आतषबाजी पेट घेते. बाण न अडखळता आला तर त्या वर्षी पीक चांगले येते, अशी श्रद्धा आहे.

अंकुशरावांनी हे लक्षपूर्वक ऐकले. म्हणाले, "बाई, मंग तुरीला भाव काय लागंल ते बी सांगतो का हा पारवा?"

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सुट्टीवर आलाव न्हवं? तूर घरी ठिवून यायची व्हती."

बाण नीट आला. धूर, घंटा, टाळ्या. आपल्याकडे कारहुणवीच्या सणाला बैल सजवून गावातून पळवतात, इथे त्यांना शांतपणे मिरवतात, एवढाच फरक मला जाणवला. अंकुशरावांनी टोपी काढून दुरूनच बैलांना हात जोडले. शेजारच्या इटालियन आजोबांना वाटले, हे चर्चला नमस्कार करीत आहेत, म्हणून त्यांनीही प्रेमाने छातीवर क्रूस रेखला. मी कुणालाच दुरुस्त केले नाही. एवढा संयम माझ्याकडून क्वचित घडतो, हे तू मान्य करशील. बैलांचा फोटो सोबत पाठवते आहे.

तुझी,
शिवलीलाअक्का


बार्सिलोना, स्पेन
२३ एप्रिल

प्रिय निलम्मा,

तुझा आवाजी निरोप पोचला. "बैल बेस हायेत. पण खुरं धुतल्याली दिसंनात. देवाच्या दारात असं नेतेत व्हय?" मी अंकुशरावांना ऐकवला. ते म्हणाले, "बहिणीला बी आणायचं व्हतं, बाई. त्या बैलवाल्याची बोलती बंद झाली असती."

आज तुझ्यासाठीच काढून ठेवावा असा दिवस होता. कुठेही पाहावे तिथे गुलाब. इथल्या संताची कथा अशी सांगतात की, एका अजगरासारख्या राक्षसाने राजकन्येला धरले, संताने भाल्याने त्याचा वध केला आणि जिथे रक्त सांडले तिथून लाल गुलाब उगवला. त्याची आठवण म्हणून आज पुरुष स्त्रीला गुलाब देतात आणि स्त्री पुरुषाला पुस्तक. आता तो भेद फारसा कुणी पाळत नाही, दोघेही दोन्ही घेतात. रुंद रस्त्याच्या मध्यभागी पुस्तकांची टेबले आणि फुलांच्या बादल्या शेजारी शेजारी मांडलेल्या. हाडांसारखे खांब असलेले येथील एक प्रसिद्ध घर आहे, त्याचे सारे सज्जे गुलाबांनी झाकून टाकले होते. तू असतीस तर प्रत्येक बादलीपुढे उभी राहून देठ दाबून पाहिले असतेस आणि आम्ही दुपारपर्यंत दहा पावलेही पुढे सरकलो नसतो.

एक गोष्ट मात्र तुला निश्चित आवडेल. प्रत्येक गुलाबाबरोबर गव्हाची एक ओंबी बांधलेली असते. फूल प्रेमाचे, ओंबी घरातल्या भरलेपणाची. अंकुशरावांच्या पत्नीने विक्रेत्या मुलीला हातवारे करून विचारले, "गहूच कामून? ज्वारीचं कणीस बांधलं तर चालत न्हाई का?" मुलीला काही कळले नाही, पण तिने हसून आणखी एक ओंबी दिली.

मी दोन गुलाब घेतले. एक माझ्या वहीत दाबून ठेवला. दुसरा पाण्यात ठेवला आहे. तो कुणासाठी हे तू विचारणार नाहीस, कारण ते तुला ऐकायचे नाही असे आपले ठरले आहे.

उद्या सकाळी अंकुशराव आणि सहलीची मंडळी परतीचे विमान धरतील.

तुझी,
अक्का


कोर्दोबा, स्पेन
३० एप्रिल, बसव जयंती

प्रिय निलम्मा,

"अक्का, हैदराबादला उतरलीस का? गाडी पाठवू का?" हा तुझा निरोप मी तीन वेळा ऐकला आणि उत्तर लांबवले. आता क्रमाने सांगते. मंडळी परतली. मी परतले नाही. माझ्या व्हिसाला अजून अवधी आहे, गुडघे चालू आहेत आणि कोर्दोबा पाहिल्यावाचून मी परतले असते तर इतिहासाची शिक्षिका म्हणून स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

तू म्हणशील, ही सबब आहे. अर्धी आहे. उरलेली अर्धी खरी आहे, ती आधी ऐक. दरवर्षी आळंदहून बस भरून मी मुलांना कलबुर्गीच्या किल्ल्यात नेत असे. तिथल्या मोठ्या मशिदीत उभे करून सांगत असे की, मुलांनो, मशिदीला साधारणतः उघडे अंगण असते, पण ही संपूर्ण छताखाली आहे. म्हणून जाणकार तिची तुलना स्पेनमधल्या कोर्दोबाशी करतात. किती वर्षे सांगितले, निलम्मा, आणि कोर्दोबा पाहिलेले नव्हते.

आज पाहिले. आत पाऊल टाकल्यावर मी एकही वाक्य बोलले नाही, याला साक्षीदार आहे. खांबांचे रान. त्यांवर कमानी, आणि कमानींवर पुन्हा कमानी, एक पट्टा तांबड्या विटेचा, एक फिकट दगडाचा. मधोमध नंतरच्या काळात बांधलेले चर्च उभे आहे. मशीद आणि चर्च एकाच छपराखाली राहतात. आपल्या कलबुर्गीच्या कमानी रुंद, पांढऱ्या, जमिनीला टेकू पाहणाऱ्या; या उंच आणि चपळ. दोघींचे चेहरे जुळत नाहीत. परंतु बाहेरच्या उन्हातून आत येताच जी गार सावली अंगावर येते, ती तंतोतंत एकच आहे. तेव्हा मी मुलांना जे सांगितले ते टिकते. मला किती आनंद झाला ते तुला सांगता येणार नाही. मी तिथेच एका खांबाला टेकून बसले आणि माझ्या वाटाडीने मला पाणी दिले.

वाटाडी म्हणजे मला स्टेशनवर उतरवून घ्यायला आलेली मुलगी. नाव लिहीत नाही. बारीक झालेली नाही, एवढे लिहिते. बार्सिलोनाचा गुलाब तिला दिला, तर आधी देठ दाबून पाहिला. ही सवय कुणाची, हेही लिहीत नाही.

आज शहरात चौकाचौकांत फुलांचे मोठमोठे क्रूस उभारले आहेत. मे महिन्याचे स्वागत. लाल फुलांनी मढवलेला क्रूस, भोवती कुंड्या, गाणी, आणि रस्त्यात नाचणाऱ्या आज्या. मी राहते त्या घराच्या मालकीणबाई, रोसारियो, यांनी मला ओढून नाचायला लावले. होय, हीच ती म्हातारी. सकाळी मी खोलीत बसवण्णांचा फोटो मांडून दिवा लावला, तर त्यांनी काही न विचारता अंगणातली फुले आणून शेजारी ठेवली.

तुला राग येणार. तरी लिहिले.

अक्का


कोर्दोबा
८ मे

प्रिय निलम्मा,

निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. तू वाचतेस, हे मला पुरेसे आहे. शिक्षिकेला तोंड वळवून बसलेल्या विद्यार्थिनीची सवय असते. कान कुठे आहेत हे तिला कळते.

आता या गावचा मुख्य उत्सव. इथला उन्हाळा कलबुर्गीला लाजवील असा. म्हणून जुन्या लोकांनी घरे आतून उघडी बांधली: जाड भिंती, मधोमध अंगण, अंगणात आड किंवा कारंजे, आणि चहूबाजूंच्या चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतींवर खालपासून छपरापर्यंत टांगलेल्या कुंड्या. एकेका अंगणाभोवती पूर्वी कितीतरी कुटुंबे राहत. मे महिन्यात ही खासगी अंगणे सर्वांसाठी उघडतात, त्यांची स्पर्धा होते, आणि गल्लीतून लोक रांग लावून परक्या घरात फुले पाहायला शिरतात. ही रीत शतकाहून जुनी आहे. उंचावरच्या कुंड्यांना पाणी कसे घालतात ते पाहा: लांब वेताच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात, तो भरून उचलतात आणि मनगट किंचित वळवून नेमका कुंडीत ओततात. मी प्रयत्न केला. पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत आले.

परवा सकाळी दारे उघडण्याआधी मी एकटीच फिरून आले आणि परतताना पाहते तो रोसारियोच्या दाराशी रांग लागलेली. स्पर्धेत उतरलेल्या घरात मी पहिल्यांदाच पाहुणी म्हणून शिरणार होते. माझ्या मनात विचार आला की, एका बाईच्या घरी इतके दिवस राहून आपण तिची ओटी भरलेली नाही. पिशवीत इलकलचा खण होता, दुकानातून नारळ आणि तांदूळ घेतलेच होते. मी रांग ओलांडून पुढे झाले, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत गेले.

रोसारियोबाई अंगणाच्या मध्यावर उभ्या होत्या. मी खण, तांदूळ, नारळ पुढे केले. त्यांना ओटी म्हणजे काय ते कोण सांगणार? पण, निलम्मा, त्या बाईने दोन्ही हातांनी एप्रनचे टोक धरून पुढे पसरले. अगदी पदर पसरावा तसे. मी घातले. त्यांनी वाकून एप्रन कपाळाला लावला, हे कुणी शिकवले नव्हते.

मागे वळून पाहते तो काय. माझ्यामागचे जर्मन जोडपे मोजे सावरत अनवाणी आत आलेले. त्यांच्यामागे एक फ्रेंच कुटुंब, बूट हातात. त्यांना वाटले, या घराची शिस्तच अशी असावी. दाराबाहेर चपला-बुटांची रास, अगदी आपल्या मठासमोर असते तशी. थोड्या वेळाने स्पर्धेचे परीक्षक आले, गळ्यात ओळखपत्रे, हातात कागद. त्यांनी रास पाहिली, एकमेकांकडे पाहिले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. एकाच्या मोज्याला भोक होते. वाटाडी खांबाआड जाऊन तोंडावर हात दाबून हसत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, आता दोन आठवडे मलाच समद्यांचे बूट सांभाळावं लागंल. तू काय करून ठिवलीस?"

तिचे बोलणे अजून तसेच आहे, खटकचिंचोळीचे. हे लिहायचे नव्हते, लिहिले गेले.

सोबत फोटो पाठवते आहे: रोसारियोबाई वेत उंच धरून वरच्या कुंड्यांना पाणी घालताना.

अक्का


कोर्दोबा
११ मे, रविवार

प्रिय निलम्मा,

हे पत्र तू बोललीस त्याविषयीच आहे, तरी पूर्ण वाच. तुझ्या फोनच्या चौकटीत जे मावले नाही, ते त्यात आहे.

काल तुझा चेहरा माझ्या फोनवर आला तेव्हा मी नमस्कारही करण्याआधी तू म्हणालीस, "अक्का, त्या म्हातारीला फोन दे."

मी म्हटले, "निलम्मा, त्यांना तुझी भाषा येत नाही."

"मंग ज्याला दोन्ही येत्यात त्याच्या हातात दे."

मी फोन अंजूच्या हातात दिला. आता नाव लिहिते. अट तूच मोडलीस. तिचे हात ओले होते. तिने ते परकराला पुसले, फोन धरला, आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलात. नंतर तू कपाळाला आठी घालून म्हणालीस, "तिला सांग, भर दुपारी कुंड्यांना पाणी घालत न्हाईत. फोटूत सावली पायाखाली दिसायलीय. मुळ्या उकडतील म्हणावं."

अंजूने सांगितले. रोसारियोबाई खुर्चीतून उठल्याच. हात हवेत, आवाज वर. अंजू म्हणाली, "ती म्हणती, डबा रिकामा व्हता. पाहुण्यांना फोटू काढायचा असतो म्हणून नुस्ता वर धरलता. पाणी पहाटेच घातल्यालं."

"रिकामा डबा धरून फोटू काढती? नाटकी बाई हाय म्हणावं."

हे अंजूने भाषांतरित केले का, असे तू विचारलेस. केले. रोसारियोबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. तू ते पाहिलेस आणि तुझाही ओठ हलला, हे मी पाहिले.

मग तू कुंड्या एकेक करून दाखवायला लावल्यास. हिची पाने खुड, तिच्या बुडाखालची बशी काढ, त्या कोपऱ्यातल्या वेलीला दोरी दे. अंजू फोन घेऊन शिडीवर चढली, उतरली, रोसारियोबाई खाली वही घेऊन उभ्या. दाराशी रांग खोळंबली होती आणि अनवाणी पाहुणे शांतपणे तुझा आवाज ऐकत होते. त्यांना वाटले असावे, हाही उत्सवाचा भाग आहे.

शेवटी तू थांबलीस. अंजूकडे न पाहता म्हणालीस, "तिला इचार, ही पोरगी वेळंवर जेवती का न्हाई."

अंजूने स्वतःविषयीचा तो प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारला. रोसारियोबाई खूप वेळ बोलल्या. आणि अंजू तुला एवढेच म्हणाली, "व्हय म्हणती."

"एवढं मोठं बोलली अन् तू निस्तं 'व्हय' म्हणायलीस?"

"आई, तेवढंच हाय."

तू 'बरं' म्हणून फोन ठेवलास. निलम्मा, तेवढेच नव्हते. तू गेल्यावर मी अंजूला समोर बसवले आणि वर्गात करून घ्यावे तसे वाक्य न् वाक्य मराठीत करून घेतले. रोसारियोबाई जे बोलल्या ते असे:

"जेवते, पण उभ्याने. मी खुर्ची पुढे ओढते, ती डबा घेऊन वेलीकडे जाते. म्हणते, माझी आईसुद्धा झाडांना पाणी घातल्याशिवाय बसत नाही. तिला सांग, मी दोन मुलगे वाढवले, कुणी मला कधी बोलले नाही. ही मुलगी रोज बोलते. पाने भिजवू नको, आई भिजवत नाही. ही कुंडी तिथे नको, आई उन्हाकडे पाठ करून ठेवते. तिला सांग, या अंगणात दोन वर्षे तिचाच हुकूम चालतो आहे. मी फक्त डबा उचलते. एकदा तरी येऊन स्वतः पाहा म्हणावे, म्हणजे माझी सुटका होईल."

अंजूने हे तुला का सांगितले नाही, ते मी विचारले नाही. सांगताना तिला बोलता आले नसते. माझ्यापुढे मराठीत करतानाही ती मधे दोनदा उठून आडाकडे जाऊन आली.

आज सकाळी तुझा फोन आला. माझ्या फोनवर नाही, तिच्या. तू काय म्हणालीस मला ठाऊक नाही, कारण ती खोलीत गेली आणि दार ओढून घेतले. मी अंगणात बसून हे लिहिते आहे. तू या क्षणी आत बोलत आहेस, आणि तुझे शब्द मला ऐकू येत नाहीत. एवढे ऐकू येते: "आई, पासपोर्टाला बीदरला जावं लागतंय, भालकीत होत न्हाई," आणि मग बराच वेळ नुसते हसणे.

आयुष्यभर सगळ्यांना सगळे समजावून सांगितले. आज प्रथमच मला कुणी विचारीत नाही, आणि मला ते फार आवडते आहे. उद्या ग्रनादाला जाऊन तिथला राजवाडा पाहीन, नक्षी निवांत बघत बसेन.

इथे थांबते. रोसारियोबाईंनी दाराच्या फटीतून आत डोकावले आणि आता त्या स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून निघाल्या आहेत. अंजू उभीच बोलत असावी.

अक्का